गाडी खाली घेतली, पण चाकाला जागा ठेवली का?

गणपतीला दोनच दिवस उरले होते. पुण्यातील कोथरूडमध्ये राहणारे एक कुटुंब आपल्या छोट्या मोटारीतून चिपळूणजवळच्या गावी निघाले होते. स्टिअरिंगवर मुलगा, शेजारी वडील, मागच्या सीटवर आई, आजी आणि धाकटी बहीण. डिकीत कपड्यांच्या बॅगा, मखराचे सामान आणि आजीने आवर्जून घेतलेला डिंकाच्या लाडवांचा डबा. गाडी नव्या रूपात पहिल्यांदाच इतक्या लांब निघाली होती. नवे रूप म्हणजे काय, तर मुलाने पहिल्या नोकरीच्या बोनसमधून स्प्रिंगा बदलून गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली होती आणि जुन्या पत्र्याच्या रिमांच्या जागी रुंद, चकचकीत अलॉय व्हील्स बसवली होती.

शहरात महिनाभर सगळे झकास चालले. ताम्हिणी घाटात मात्र प्रत्येक वळणावर मागून 'खर्र' असा आवाज येऊ लागला. "रस्त्यावरची खडी उडत असेल," मुलगा म्हणाला. आई काही बोलली नाही. तिने फक्त आजीचा हात धरून ठेवला.

माणगावला चहासाठी थांबले, तेव्हा शेजारच्या पंक्चरवाल्याचे लक्ष गाडीकडे गेले. तो खाली वाकला, मागच्या डाव्या टायरवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "काका, ही गाडी अशीच पुढे नेऊ नका." टायरच्या बाहेरच्या कडेला बोटभर लांबीची चीर पडली होती आणि आतले धागे दिसत होते. मडगार्डच्या आतल्या दुमडलेल्या पत्र्याने टायर चाकूसारखा कापत आणला होता. अजून एखादा तास भरधाव वेगाने गाडी गेली असती, तर तो टायर कुठे आणि कसा फुटला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

स्टेपनी लावून कुटुंब सुखरूप गावी पोहोचले. परतल्यावर मुलगा तावातावाने दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "साहेब, टायरचा साइज बरोबरच दिलाय. हिशोब करून बघा." मुलाने हिशोब केला आणि गंमत अशी, की साइज खरोखरच बरोबर होता! मग टायर कापला का गेला?

या प्रश्नाचे उत्तर समजून घेणे गाडी सजवण्याची हौस असलेल्या प्रत्येक तरुणाला आणि त्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांना उपयोगी पडेल.

टायरवरची अक्षरे काय सांगतात?

या कुटुंबाच्या गाडीचे मूळ टायर होते १६५/८० आर १४. यातील १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल आणि १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. तेव्हा १४ इंचांचे झाले ३५५.६ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची अशा दोन्ही भिंतींचे २६४ मिळवले, की चाकाचा एकूण व्यास येतो सुमारे ६२० मिलिमीटर.

नवा टायर होता २०५/५० आर १६. भिंत १०२.५ मिलिमीटर, दोन्ही मिळून २०५. रिम ४०६.४. एकूण व्यास सुमारे ६११ मिलिमीटर. म्हणजे फरक जेमतेम दीड टक्क्याच्या आत. व्यासातला फरक दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असा सर्वसाधारण नियम आहे. कारण व्यास बदलला, की स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवू लागतो, गिअरचे प्रमाण बिघडते आणि किलोमीटरची नोंदही खोटी होते. दुकानदाराने हा नियम पाळला होता. रिमची रुंदीही टायरला साजेशी होती. सात इंची रिमवर २०५/५० चा टायर बसू शकतो.

चूक राहिली ती टायरवर नव्हे, तर रिमच्या आतल्या बाजूला कोरलेल्या एका छोट्या आकड्यात. तो आकडा दुकानदाराने पाहिला नाही आणि मुलाला तो पाहायचा असतो हेच ठाऊक नव्हते.

ऑफसेट म्हणजे काय?

रिम हातात घ्या आणि तिच्या रुंदीच्या बरोबर मधोमध एक रेघ आहे अशी कल्पना करा. रिमचा जो सपाट भाग गाडीच्या हबला टेकतो आणि ज्याला बोल्ट लागतात, तो सहसा या मधल्या रेघेवर नसतो. तो बाहेरच्या, म्हणजे रस्त्याच्या बाजूला सरकलेला असतो. मधल्या रेघेपासूनचे हे अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर ते 'ईटी' या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये कोरलेले असते. ईटी ४५ म्हणजे टेकणारा भाग मध्यापासून ४५ मिलिमीटर बाहेर.

आता नीट लक्ष द्या, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. ईटीचा आकडा जितका मोठा, तितके चाक गाडीच्या आत जाते. आकडा जितका लहान, तितके चाक बाहेर येते. ऐकायला उलटे वाटते, पण तसेच आहे.

या कुटुंबाच्या जुन्या रिमवर आकडा होता ईटी ४५ आणि नव्या रिमवर ईटी ३५. फक्त दहाचा फरक! पण त्याच्या जोडीला टायरची रुंदीही वाढली होती. दोन्हींचा हिशोब एकत्र मांडायचा तो असा :

पहिली पायरी. नव्या आणि जुन्या टायरच्या रुंदीतला फरक काढा आणि त्याचा अर्धा करा. २०५ वजा १६५ म्हणजे ४०, त्याचे अर्धे २०. टायर आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंना २० मिलिमीटर वाढला.

दुसरी पायरी. ईटीतला फरक काढा. तो १० ने कमी झाला, म्हणजे संपूर्ण चाक १० मिलिमीटर बाहेर सरकले.

तिसरी पायरी. दोन्ही एकत्र करा. बाहेरच्या बाजूला २० अधिक १०, म्हणजे ३० मिलिमीटर. आतल्या बाजूला २० वजा १०, म्हणजे १० मिलिमीटर.

टायर मडगार्डच्या बाहेरच्या कडेकडे तीन सेंटिमीटर सरकला होता. त्यातच गाडी चार सेंटिमीटर खाली आलेली. रिकाम्या गाडीत टायर आणि पत्रा यांच्यात थोडी फट उरत होती, म्हणून शहरात आवाज आला नाही. मागे तीन माणसे आणि डिकीत सामान आल्यावर गाडी आणखी दबली, घाटाच्या वळणावर ती बाहेरच्या बाजूला कलली आणि पत्रा टायरला भिडला.

पुढचे घासत नाही, मागचे का घासते?

मुलाला आणखी एक कोडे पडले होते. पुढची चाके तर वळतातही, मग घासले मागचेच का?

याचे एक कारण म्हणजे वजन. रिकाम्या छोट्या गाडीच्या मागच्या बाजूला फारसे वजन नसते. प्रवासी आणि सामान यांचा बहुतेक भार मागेच पडतो, त्यामुळे मागची बाजू जास्त दबते. दुसरे कारण गाडीच्या बांधणीत आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होते. गाडी खाली आली, की त्या चाकाचा वरचा भाग थोडा आत झुकतो. या झुकण्याला कॅम्बर म्हणतात. त्यामुळे पुढचा टायर मडगार्डच्या कडेपासून जरासा आत सरकतो. मागे मात्र दोन्ही चाके बहुधा एकाच आडव्या तुळईला जोडलेली असतात. गाडी दबली तरी ती फारशी झुकत नाहीत, सरळ वर जातात. मडगार्डची कड त्यांच्या वाटेत असेल, तर ती थेट टायरवरच बसते.

पुढच्या चाकांचा धोका निराळा असतो. स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर टायरचा कोपरा आतल्या प्लास्टिकच्या आवरणाला किंवा बंपरच्या मागच्या कडेला लागतो. आणि टायर आत फार वाढला असेल, तर तो शॉकअब्सॉर्बरच्या नळीला लागू शकतो. हे घासणे बाहेरून दिसत नाही, म्हणून ते अधिक फसवे.

बाहेर आलेले चाक आणखी काय करते?

समजा, चाक कुठेच घासत नाही. तरीही ते फार बाहेर काढणे चांगले नाही. पुढचे चाक ज्या रेषेभोवती वळते, तिच्यापासून टायर रस्त्याला टेकण्याची जागा दूर गेली, की रस्त्याचा प्रत्येक धक्का लांब दांडीच्या पान्यासारखा स्टिअरिंगवर येतो. खड्ड्यात एक चाक गेले, की स्टिअरिंग हातातून निसटू पाहते. एका बाजूचे चाक पाण्याच्या डबक्यात असताना ब्रेक दाबला, तर गाडी एकीकडे ओढली जाते. चाकाच्या बेअरिंगवरचा ताणही वाढतो.

काही जण जुनीच रिम ठेवून तिच्यामागे धातूची चकती, म्हणजे स्पेसर, बसवतात. परिणाम तोच. ईटी ४५ च्या रिममागे १० मिलिमीटरचा स्पेसर लावला, की ती ईटी ३५ ची झाली. शिवाय बोल्टचे आटे तेवढे कमी पकडले जातात, हा वेगळा धोका.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हा समज तर घरोघरी आहे. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर तो बऱ्याच अंशी खरा आहे. पण पावसात रुंद टायरला आपल्यापुढचे जास्त पाणी बाजूला सारावे लागते. ते सारता आले नाही, की टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि तेव्हा ना ब्रेक लागतो, ना स्टिअरिंग वळते. अरुंद टायरपेक्षा रुंद टायर हे कमी वेगातच करू लागतो. कोकणच्या पावसात ही गोष्ट विसरून चालणार नाही. शिवाय १३२ मिलिमीटरची भिंत १०२ वर आली, म्हणजे खड्ड्याचा धक्का झेलणारी गादीच तीन सेंटिमीटरने पातळ झाली. मग रिमला पोचे येतात आणि आजीच्या कमरेलाही त्याची खबर लागते.

गतिरोधकाचे गणित

गाडी खाली घेण्यामागे केवळ दिखावा असतो असे नाही. वजनाचा मध्य खाली आला, की वळणावर गाडी कमी कलते, हे खरे आहे. शर्यतीच्या गाड्या म्हणूनच जमिनीलगत असतात. पण शर्यतीच्या रस्त्यावर गतिरोधक नसतात.

या कुटुंबाच्या गाडीचे पोट मुळात जमिनीपासून १६३ मिलिमीटर वर होते. स्प्रिंगांनी ४० घेतले. टायरचा व्यास कमी झाल्याने आणखी ४ गेले. उरले ११९, आणि तेही रिकाम्या गाडीत.

आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये गतिरोधकांसाठी मार्गदर्शक मापे ठरवून दिली. ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडायचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर असावा, असे त्यात सांगितले आहे. असा शास्त्रशुद्ध गतिरोधक खाली घेतलेल्या गाडीलाही फारसा त्रास देत नाही. दोन चाकांमध्ये सुमारे अडीच मीटर अंतर असलेली गाडी त्याच्या मधोमध आली, तरी चारही चाके त्या उंचवट्यावरच असतात आणि पोटाखालची जागा साडेचार सेंटिमीटरच्या आसपासच घटते. पण गल्लीबोळांत आणि गावांच्या वेशींवर एका रात्रीत उभे राहिलेले अरुंद, उभट गतिरोधक कोणते माप पाळतात? त्यांवर पुढची चाके उतरतात, मागची अजून चढायची असतात आणि उंचवटा पूर्णच्या पूर्ण गाडीच्या पोटाखाली येतो. बारा सेंटिमीटरचा उंचवटा असला, तर ११९ मिलिमीटरची गाडी त्यावर टेकलीच म्हणून समजा.

कायदा काय म्हणतो?

घरातील वडीलधाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील, असे बदल वाहनात करता येत नाहीत. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका अधिक ठामपणे मांडली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-अ आले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

याचा अर्थ टायर बदलताच येत नाहीत असा नाही. एकाच मॉडेलच्या साध्या आणि महागड्या गाड्यांना निर्माता स्वतःच वेगवेगळे टायर देतो. उदाहरणार्थ, २०१८ मध्ये आलेल्या मारुती स्विफ्टच्या साध्या गाड्यांना १६५/८० आर १४ आणि वरच्या श्रेणीतील गाड्यांना १८५/६५ आर १५ हे टायर होते. आपल्या मॉडेलच्या वरच्या श्रेणीतील मापाचे टायर आणि त्याच ऑफसेटची रिम घेणे, हा सर्वांत निर्धोक मार्ग. स्प्रिंगा बदलून गाडी खाली घेणे मात्र निर्मात्याच्या तपशिलापासून दूर जाणे आहे. त्याआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे चौकशी केलीच पाहिजे. कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर भरपाईच्या वेळी आडवा येऊ शकतो.

कणकेचा गोळा आणि खडू

गावाहून परतल्यावरच्या रविवारी या कुटुंबाच्या अंगणात एक वेगळाच कार्यक्रम झाला. मुलाने एका अनुभवी मेकॅनिकला बोलावले. त्याने आधी जुनी चाके लावायला सांगितली. मग तो आईला म्हणाला, "वहिनी, थोडी कणीक मळून द्या."

"पोळ्या लाटणार की काय?" आजीने विचारले.

मेकॅनिकने कणकेचे गोळे टायर आणि शॉकअब्सॉर्बर यांच्या मधल्या फटीत नीट दाबून बसवले. दबलेल्या गोळ्याची जाडी मोजली, की आतली मोकळी जागा कळते. मग त्याने घरातल्या सगळ्यांना गाडीत बसवले, डिकीत गव्हाचे पोते ठेवले आणि मागच्या मडगार्डच्या कडेपासून टायरपर्यंतचे आडवे अंतर मोजले. बाहेर २४ मिलिमीटर जागा निघाली आणि आत १४.

"आता तूच सांग," मेकॅनिक मुलाला म्हणाला, "२४ च्या जागेत ३० कसे मावणार?"

मुलगा गप्प झाला. हे मोजमाप चाके घेण्याआधी केले असते, तर अर्ध्या तासाचे काम होते.

मग त्याच हिशोबाने नवी निवड झाली. टायर १८५/६५ आर १५. व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर, म्हणजे मूळ चाकाच्या जवळपास बरोबरीचा. रिम साडेपाच इंची, ईटी ४०. रुंदीतील फरक २०, त्याचा अर्धा १०. ईटी ५ ने कमी. म्हणजे बाहेर १० अधिक ५ असे १५ आणि आत १० वजा ५ असे ५. बाहेर २४ पैकी ९ मिलिमीटर मोकळे राहिले, आतही १४ पैकी ९. दोन्हीकडे सारखी जागा उरली, हेच नेमके साधायचे असते.

तुम्हीही अशी तपासणी करणार असाल, तर पुढील गोष्टी लक्षात ठेवा :

मोजमाप नेहमी भरलेल्या गाडीत करा. रिकामी गाडी खोटे बोलते.

नवी चाके लावल्यावर मडगार्डच्या आतल्या कडेला खडू फासा आणि माणसे बसवून एखाद्या गतिरोधकावरून अगदी सावकाश गाडी न्या. टायरवर खडूची रेघ उमटली, तर तिथे घासते आहे.

स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, पुढे आणि मागे गाडी चालवून कान देऊन ऐका.

गाडी खाली घेतलेलीच असेल, तर टायर जास्त रुंद घेऊ नका आणि ईटी मूळ आकड्याच्या जवळच ठेवा. जितकी गाडी खाली, तितकी चाक बाहेर काढायची मुभा कमी.

मूळ स्प्रिंगेचे वेढे कापून गाडी खाली घेण्याचा स्वस्त उपाय कधीही करू नका. कापलेली स्प्रिंग आपल्या जागेवरून निसटू शकते.

स्प्रिंगा बदलल्या, की चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावेच लागते. नाहीतर टायरची आतली कड झपाट्याने झिजते आणि बाहेरून टायर नवाच दिसत राहतो.

टायरवरील भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसावा. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो.

बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास जुळला, तरी रिमचे मधले भोक हबपेक्षा मोठे असू शकते. तसे असेल तर योग्य मापाची रिंग बसवून घ्या, नाहीतर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते.

अलॉय व्हीलचे नट स्टेपनीच्या पत्र्याच्या रिमला चालतीलच असे नाही. जुने नट डिकीत जपून ठेवा. नवी चाके लावल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा आवळून घ्या.

बाजूला किंवा कडेला चीर पडलेला टायर दुरुस्त होत नाही. तो बदलावाच लागतो. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली, अगदी क्षणभरासाठीही, शिरू नका.

हौस कुणाला नसते?

राहिला प्रश्न स्प्रिंगांचा. मुलाचे म्हणणे होते, की नवी चाके आता घासत नाहीत, तर गाडी खालीच राहू द्यावी. वडिलांचा विरोध होता. दोन दिवस घरात अबोला होता. शेवटी आईच मध्ये पडली. ती वडिलांना म्हणाली, "अहो, लग्नाआधी तुम्ही मोटारसायकलच्या सायलेन्सरची जाळी काढून आमच्या गल्लीतून फेऱ्या मारायचात, ते विसरलात वाटतं? हौस कुणाला नसते?"

वडील ओशाळून हसले. मग ती मुलाकडे वळली. "आणि तू रे! गाडी तुझ्या एकट्याची असती, तर मी काही म्हटलं नसतं. पण मागच्या सीटवर आजी बसते. घाटात तो आवाज आला, तेव्हा तिने माझा हात किती घट्ट धरला होता, ते तुला आरशात दिसलं नाही."

मुलाने त्या शनिवारी मूळ स्प्रिंगा परत बसवून घेतल्या. नव्या स्प्रिंगा निम्म्या किमतीतही विकल्या गेल्या नाहीत, त्या अजून माळ्यावर पडून आहेत. संध्याकाळी गाडी धुताना तो मागे सरकून तिच्याकडे पाहतो आणि टायर आणि मडगार्ड यांच्यातली ती फट त्याला अजूनही थोडी खुपतेच. पण पुढच्या गणपतीला आजीने गावी जायचे म्हटले, तेव्हा आठवडाभर आधी त्याने स्वतःच घरातल्या सगळ्यांना गाडीत बसवले, हातात मोजपट्टी घेतली आणि चारही चाकांपाशी वाकून जागा मोजली.

आजी मागच्या सीटवरून म्हणाली, "कणीक मळायला सांगू का रे?"